हिपॅटायटिस ए आयजीएम: एसजीपीटी नॉर्मल असून पॉझिटिव्ह, आणि एसजीपीटी हजारांत असून निगेटिव्ह. रिपोर्ट काय द्यावा?

तालुका_लॅब

नमस्कार. आमच्याकडे हिपॅटायटिस ए ची आयजीएम (ताज्या संसर्गात येणारी अँटिबॉडी) चाचणी एलायझाच्या (रंगावरून अँटिबॉडी ओळखणाऱ्या) पट्ट्यांवर, हातानेच होते. या आठवड्यात दोन रिपोर्ट अडलेत. दोन्ही वेगवेगळ्या दिवशीच्या प्लेटवरचे आहेत.

पहिला ६१ वर्षांच्या बाईंचा. हेल्थ चेकअपच्या पॅकेजात 'कावीळ प्रोफाइल' होतं म्हणून चाचणी झाली. ताप नाही, मळमळ नाही, लघवी स्वच्छ. बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) ०.७, एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) २४. आयजीएमचा ओडी (रंगाची गडदता) ०.३९०, कटऑफ ०.३०२, म्हणजे इंडेक्स (ओडी भागिले कटऑफ) १.२९. आमच्या किटच्या पत्रकात ०.९ ते १.१ संदिग्ध, त्याच्या वर रिअ‍ॅक्टिव्ह.

दुसरा वसतिगृहात राहणारा १९ वर्षांचा मुलगा. ताप-उलट्यांचा तिसरा दिवस, लघवी कालपासून गडद. बिलिरुबिन २.८, एसजीपीटी १८६०, एसजीओटी (तसंच दुसरं एन्झाइम) १४२०. आयजीएम इंडेक्स ०.६, नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. त्याच्याच मजल्यावरच्या दोघांना कावीळ आहे आणि त्यांतल्या एकाचं बाहेरच्या लॅबमध्ये ए पॉझिटिव्ह आलंय.

मशीनचा आकडा छापून मोकळं होता येतं, पण दोन्ही रिपोर्ट वाचणाऱ्याची दिशाभूल करतील असं वाटतं. पुन्हा चाचणी कधी करावी? टोटल अँटिबॉडी केली तर उलगडा होईल का? आणि रिपोर्टवर नेमकं काय लिहावं?

सूक्ष्मजीव_विभाग

रिपोर्ट रोखून धरलात हे योग्यच केलंत. आधी वेळेचं गणित मांडतो, कारण दोन्ही प्रश्न तिथेच सुटतात.

विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस जातात, सरासरी २८. विष्ठेतून विषाणू सर्वांत जास्त बाहेर पडतो तो कावीळ दिसण्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत. आयजीएम रक्तात सापडू लागतं लक्षणांच्या साधारण ५ ते १० दिवस आधी, आणि बहुतेकांत ३ ते ६ महिन्यांत मावळतं. काही थोड्यांत वर्षभरही रेंगाळतं. आयजीजी त्याच्या मागोमाग येतं आणि जन्मभर राहतं.

म्हणून टोटल अँटिबॉडीने तुमचा उलगडा होणार नाही. त्यात आयजीएम आणि आयजीजी दोन्ही मोजली जातात. आपल्याकडे साठीच्या माणसाला लहानपणी कधीतरी हा संसर्ग होऊन गेलेला असण्याचीच शक्यता जास्त. सहा वर्षांखालच्या मुलांत दहातल्या सात जणांना तर काही लक्षणंच दिसत नाहीत. बाईंची टोटल पॉझिटिव्ह आली तर त्याचा अर्थ एवढाच, की कधीतरी विषाणूशी गाठ पडली आहे किंवा लस घेतली आहे. टोटल निगेटिव्ह आली तर मात्र उपयोग आहे: मग आयजीएमचा १.२९ जवळजवळ नक्कीच खोटा.

आता बाईंचा रिपोर्ट. लक्षणं नाहीत, एसजीपीटी २४, इंडेक्स कटऑफला चिकटलेला. तीव्र हिपॅटायटिस ए चं हे चित्र नाही. ताज्या संसर्गात आयजीएम कटऑफच्या कितीतरी पट असतं. शक्यता अशा: चाचणीतली खोटी प्रतिक्रिया, गेल्या काही महिन्यांतला न जाणवलेला संसर्ग, किंवा नुकतीच घेतलेली लस. लसीनंतर काही आठवडे आयजीएम पॉझिटिव्ह येऊ शकतं, हे विसरलं जातं. अमेरिकेत २००५ साली रोगनियंत्रण केंद्राने नेमकी अशीच प्रकरणं प्रसिद्ध केली होती: आजारच नसलेल्यांची चाचणी केली, पॉझिटिव्ह आली आणि आरोग्य विभाग साथ शोधत फिरला. तेव्हापासून तिथली शिफारस स्पष्ट आहे, ही चाचणी तीव्र हिपॅटायटिसची लक्षणं असलेल्यांचीच करावी. निरोगी माणसाच्या पॅकेजात आयजीएम घालणं चूकच आहे. तुमच्या पॅकेजात असेल तर काढून टाका, हे कळकळीने सांगतो.

खोट्या प्रतिक्रियेचं एक ठरलेलं कारण म्हणजे ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर, म्हणजे सांधे सुजणाऱ्या संधिवातात बऱ्याचदा सापडणारी अँटिबॉडी. तुमचं किट बहुधा आयजीएम-कॅप्चर पद्धतीचं असेल. वेलच्या (पट्टीतल्या खळग्याच्या) तळाशी माणसाचं कुठलंही आयजीएम धरणारी अँटिबॉडी चिकटवलेली असते. नंतर विषाणूचं अँटिजेन आणि त्याला धरणारी, एन्झाइम जोडलेली अँटिबॉडी आपण घालतो. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर स्वतः आयजीएम असतो, म्हणून तोही तळाला धरला जातो; आणि त्याचा गुणधर्मच दुसऱ्या आयजीजीला पकडण्याचा. तो सरळ एन्झाइमवाल्या अँटिबॉडीला पकडतो. मधे विषाणूचं अँटिजेन नसतानाही रंग येतो. किटमध्ये हे रोखणारं द्रव्य असतं, पण फॅक्टर फार जास्त असला तर ते पुरत नाही. बाईंची बोटं, मनगटं दुखतात का, हे विचारायला सांगा.

मुलाच्या बाबतीत उलटं. लक्षणं सुरू होतात तेव्हा बहुतेकांचं आयजीएम पॉझिटिव्ह आलेलं असतं. तरीही पहिल्या काही दिवसांत थोड्या जणांचं निगेटिव्ह येतं. म्हणून तीन शक्यता एकदमच तपासायच्या: नमुना लवकर घेतला गेला, प्लेट बिघडली, किंवा आजार दुसराच आहे. ५ ते ७ दिवसांनी दुसरा नमुना घ्या. तोवर 'निगेटिव्ह' हा एक शब्द छापून पाठवू नका.

प्लेट_९६

वरचं सगळं बरोबर. मी फक्त प्लेटबद्दल बोलतो. मुलाचा नमुना ज्या प्लेटवर होता, तिच्या पॉझिटिव्ह कंट्रोलचा (किटसोबत येणाऱ्या, पॉझिटिव्ह यायलाच हवा अशा नमुन्याचा) ओडी किती होता आणि त्याच लॉटच्या आधीच्या प्लेटवर किती यायचा? पत्रकातल्या किमान मर्यादेत बसला म्हणून प्लेट पास, एवढ्यावर थांबू नका.

बहुतेक कॅप्चर किटमध्ये काम असं चालतं (आकडे तुमच्या पत्रकाशी ताडून पाहा): सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) १० मायक्रोलिटर, १ मिली डायल्युएंटमध्ये (पातळ करायच्या द्रवात). त्यातलं १०० मायक्रोलिटर वेलमध्ये, ३७ अंशाला ६० मिनिटं. पाच वॉश, प्रत्येकी ३०० ते ३५० मायक्रोलिटर. मग अँटिजेन आणि काँजुगेट (वर सांगितलेली एन्झाइमवाली अँटिबॉडी) १०० मायक्रोलिटर, पुन्हा ३७ अंशाला ६० मिनिटं. पुन्हा पाच वॉश. टीएमबी (एन्झाइममुळे निळं होणारं द्रव्य) १०० मायक्रोलिटर, अंधारात १५ ते २० मिनिटं. स्टॉप सोल्यूशन घातलं की निळ्याचं पिवळं होतं. ४५० नॅनोमीटरला वाचायचं, ६२० ते ६३० चा संदर्भ ठेवून.

कुठे फसतं ते सांगतो.

रक्त पूर्ण गोठायच्या आत सेंट्रिफ्यूज केलं की सीरममध्ये फायब्रिनचे तंतू राहतात. पिपेटच्या टोकात एक तंतू अडकला की १० मायक्रोलिटरऐवजी ४ येतात, आणि डोळ्यांना कळत नाही. साध्या किंवा जेलच्या ट्यूबमध्ये ३ ते ५ मिली रक्त, ३० मिनिटं उभं ठेवायचं, मग ३००० आरपीएमला १० मिनिटं. रुग्ण रक्त पातळ करणारं औषध घेत असेल तर गोठायला जास्त वेळ द्या. टोक बाहेर काढल्यावर उजेडात धरून पाहा. तळाशी जेलीसारखा धागा लोंबत असेल तर तो नमुना पुन्हा फिरवा.

अभिकर्मकं फ्रिजमधून काढून लगेच वापरली की ओडी पडतो. निदान अर्धा तास खोलीच्या तापमानाला ठेवा. वॉश बफरच्या तळाशी खडे दिसले तर ३७ अंशाला विरघळवूनच पातळ करा, नाहीतर पहिल्या बाटलीत मीठ कमी आणि शेवटच्या बाटलीत जास्त. वॉशनंतर प्लेट टिपकागदावर उलटी आपटताना वेल कोरडेठाक पडू देऊ नका. बाटलीतलं टीएमबी निळसर दिसलं तर फेकून द्या. सीरम ५६ अंशाला तापवून घेऊ नका. सोडियम अझाइड घातलेलं काहीही या प्लेटजवळ नको, ते पेरॉक्सिडेज, म्हणजे रंग आणणारं एन्झाइमच, मारतं.

आणि वीज. इन्क्युबेशनच्या मधे वीज गेली की इन्क्युबेटरचं तापमान हळूहळू खाली येतं. घड्याळात ६० मिनिटं भरतात, पण ३७ अंशाला ती भरलेली नसतात. अशा प्लेटवर कटऑफ जवळपास तेवढाच राहतो, कारण तो निगेटिव्ह कंट्रोलची सरासरी अधिक एक ठरलेला आकडा असा काढलेला असतो. पॉझिटिव्ह नमुने मात्र खाली येतात. तुमच्या पहिल्या प्लेटवरचा ०.३०२ असाच आला असणार, ०.०५२ सरासरी आणि वर ०.२५०. म्हणून दुबळा पॉझिटिव्ह अशा दिवशी सरळ निगेटिव्हमध्ये जाऊन बसतो. इन्क्युबेटर यूपीएसवर हवा आणि आत पाऱ्याचा नाहीतर डिजिटल थर्मामीटर हवा. बाहेरच्या डिस्प्लेवर विसंबू नका.

कार्ड टेस्टवर (रेघ उमटणाऱ्या झटपट चाचणीवर) ताडून पाहायचा विचार असेल तर करू नका. सुरुवातीच्या दिवसांत कार्ड एलायझापेक्षा कमी संवेदनशील असतं, आणि ठरलेल्या मिनिटांनंतर उमटलेली फिकट रेघ वाचायची नसते.

तालुका_लॅब

प्लेट_९६, तुमच्या प्रश्नाचं उत्तर रजिस्टरमध्ये मिळालं. या लॉटवर पॉझिटिव्ह कंट्रोल १.७ ते १.९ येतो. मुलाच्या प्लेटवर ०.९४ होता. किटची किमान मर्यादा ०.७५ असल्याने प्लेट पास धरली होती. त्या दिवशी पहिल्या इन्क्युबेशनमध्ये २५ मिनिटं वीज नव्हती, हीही नोंद आहे. उरलेलं सीरम २ ते ८ अंशाला ठेवलंय, उद्या त्याच सीरमवर पुन्हा लावतो, दोन-दोन वेलमध्ये.

बाईंच्या डॉक्टरांशी बोललो. हिपॅटायटिस ए ची लस घेतलेली नाही. हाताचे सांधे दोन वर्षांपासून सुजतात, सकाळी तासभर आखडलेले असतात. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर उद्या करतोय.

यकृत_ओपीडी

मुलाबद्दल. लॅब पुन्हा प्लेट लावेल ते ठीक, पण त्याच्यासाठी आजची सर्वांत महत्त्वाची तपासणी आयजीएम नाही, पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी, म्हणजे यकृताचं काम चालतंय का ते सांगणारी चाचणी) आहे. विषाणूचं नाव चार दिवसांनी कळलं तरी उपचारात फरक पडत नाही, कारण हिपॅटायटिस ए वर विषाणूविरोधी औषधच नाही. आयएनआर १.५ च्या वर आणि वागण्यात बदल, म्हणजे असंबद्ध बोलणं, दिवसा झोप आणि रात्री जाग, हात पसरल्यावर पंजा फडफडणं, तर तो तीव्र यकृत निकामी होण्याचा रुग्ण. त्याला त्याच दिवशी यकृत प्रत्यारोपणाची सोय असलेल्या केंद्राशी बोलून हलवायचा. एसजीपीटी १८६० वरून ४०० वर आलं म्हणून आनंदही मानू नका, जर त्याच वेळी आयएनआर चढत असेल. तेव्हा पेशीच संपत आलेल्या असतात.

आकड्यांचं नेहमीचं चित्र असं: एसजीपीटी आधी शिखर गाठतं, बिलिरुबिन मागून येतं. म्हणून एसजीपीटी उतरत असताना डोळे आणखी पिवळे दिसतात, घरचे घाबरतात. ताप मात्र बहुधा कावीळ दिसू लागली की उतरतो. कावीळ चढूनही ताप कायम राहिला, पोटऱ्या दुखतायत, डोळे लाल आहेत, प्लेटलेट्स पडल्यात, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) वाढलंय, तर पावसाळ्यात आणि विशेषतः कोकणात लेप्टोस्पायरोसिसचा (प्राण्यांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या जिवाणूंच्या आजाराचा) विचार आधी करा. लेप्टोत बिलिरुबिन खूप चढलं तरी एसजीपीटी बहुधा दोन-तीनशेच्या आसपास राहतं. हजारांत जात नाही. हा फरक एका कागदावर दिसतो.

ए सोबत हेही पाठवा: एचबीएसएजी आणि कोअर आयजीएम (दोन्ही हिपॅटायटिस बी साठी), एचसीव्ही (हिपॅटायटिस सी साठी) आणि हिपॅटायटिस ई चं आयजीएम. ई चं तर नक्कीच. दोन्ही दूषित पाण्यातून येतात, दोन्हींची कावीळ सारखीच दिसते, आणि आपल्याकडे मोठ्या माणसांतल्या पाण्याच्या साथी बऱ्याचदा ई च्या निघतात. रुग्ण गरोदर असेल तर ई चा रिपोर्ट थांबवून ठेवणं धोक्याचं आहे, कारण शेवटच्या तिमाहीत त्याने मृत्यू होतात. आणि पॅरासिटामॉल किती घेतलं, कुठली झाडपाल्याची पुडी घेतली, हे नीट विचारा. पिवळं दिसलं की कावीळ उतरवायला नेतात, चुन्याच्या पाण्यात हात धुतात, सोबत काढाही देतात. हात धुण्याने यकृताला इजा होत नाही. काढ्यातल्या काही वनस्पतींनी होते, आणि मधे जे चार दिवस जातात ते आयएनआर बघायचे दिवस असतात.

सूक्ष्मजीव_विभाग

ए आणि ई च्या या गोष्टीत आपल्या पुण्याचा वाटा आहे, म्हणून थोडं लिहितो. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत नजफगड नाल्याचं पाणी वझिराबादच्या पंपांपर्यंत उलटं आलं आणि कावीळीचे सुमारे २९,००० रुग्ण झाले. पाण्यातून आली म्हणून ती साथ हिपॅटायटिस ए ची, असंच सगळे पंचवीस वर्षं धरून चालले. १९७३ मध्ये ए चा विषाणू इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसला, पुढे आयजीएमची चाचणी आली. मग दिल्लीच्या त्या साथीतलं, १९७५-७६ च्या अहमदाबादच्या आणि १९७८-७९ च्या पुण्याच्या साथीतलं जपून ठेवलेलं सीरम तपासलं गेलं. त्या कामात पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था होती. निष्कर्ष १९८० मध्ये आले. मोठ्या साथींतल्या रुग्णांत ए चं आयजीएम नव्हतं. आयजीजी होतं, म्हणजे ए त्यांना पूर्वीच होऊन गेला होता. हा दुसराच विषाणू असणार, हे त्या निगेटिव्ह आयजीएमनेच दाखवलं. आज त्याला आपण ई म्हणतो.

तेव्हा निगेटिव्ह रिपोर्ट नीट केलेला असेल तर तोही बोलतो. अट एवढीच की तो योग्य दिवशी घेतलेल्या नमुन्यावरचा असावा आणि प्लेट धड असावी.

पालक_पुणे

मधेच विचारतो, क्षमस्व. मुलीला लस दिली आहे. शाळेच्या तपासणीत 'अँटी एचएव्ही आयजीजी पॉझिटिव्ह' आलं. शाळा म्हणते कावीळ आहे, घरी ठेवा.

यकृत_ओपीडी

आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे संरक्षण आहे. लक्षणं नसतील तर मुलीला घरी ठेवायचं काही कारण नाही. शाळेला लशीचं कार्ड दाखवा.

यावरून आठवलं. कावीळ होऊन गेलेल्याकडे कंपन्या आणि वसतिगृहं 'आयजीएम निगेटिव्ह आणा, मगच या' असं सांगतात. हे चुकीचं आहे. आयजीएम महिनोन्‌महिने राहतं आणि त्याचा संसर्ग पसरण्याशी संबंध नाही. कावीळ दिसल्यापासून साधारण आठवड्याने बहुतेकांचं पसरवणं थांबतं. बरं झालंय का हे पाहायला एसजीपीटी, बिलिरुबिन, आयएनआर करा, आयजीएम पुन्हा करू नका. दहातल्या एखाद्या रुग्णात सहा महिन्यांच्या आत आजार पुन्हा डोकं वर काढतो, एसजीपीटी परत वाढतं. तोही बहुधा आपोआप निवतो.

जिल्हा_सर्वेक्षण

एका मजल्यावर तीन रुग्ण म्हणजे आयजीएमची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्राला आजच कळवा. आमच्याकडे संशयित रुग्णही नोंदवले जातात, लॅबची नोंद वेगळी येते. वसतिगृहातली टाकी, पाइपलाइन जिथे गटाराला ओलांडते ती जागा, स्वयंपाकघरातल्या नळाचं क्लोरीन आणि बर्फ कुठून येतो, हे त्याच दिवशी पाहता येतं. रुग्ण दिसतोय म्हणजे संसर्ग महिन्याभरापूर्वीचा. मुलांना 'काल काय खाल्लं' असं विचारून उपयोग नाही, दोन ते सात आठवड्यांपूर्वीचं विचारा. पिवळं दिसलं की उसाचा रस पाजतात, पण रस्त्यावरचा बर्फ घातलेला रस हा या विषाणूचा एक वाहकच आहे.

सोबतच्या मुलांपैकी ज्यांना लस नाही आणि कावीळ होऊन गेलेली नाही, त्यांना संपर्कापासून दोन आठवड्यांच्या आत लस दिली तर आजार टळू शकतो. त्यासाठी सगळ्यांचं आयजीएम काढत बसू नका, त्यात दिवस जातात. पाणी खळखळून उकळा. हात साबणाने धुवा. या विषाणूवर अल्कोहोलच्या सॅनिटायझरचा भरवसा नाही.

तालुका_लॅब

आज कळलं ते लिहितो. मुलाचं तेच तिसऱ्या दिवशीचं सीरम नव्या प्लेटवर लावलं, पॉझिटिव्ह कंट्रोल १.८१. दोन वेलमध्ये इंडेक्स १.०४ आणि १.०८, म्हणजे संदिग्ध. आठव्या दिवशीच्या नमुन्याचा इंडेक्स ७.२. ई चं आयजीएम निगेटिव्ह. आयएनआर १.२, तो जेवतोय. आरोग्य केंद्राला कळवलं आहे.

बाईंचा ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर २१० आला, आमची मर्यादा २०. आयजीएम दोन वेलमध्ये पुन्हा लावलं, १.२२ आणि १.३१. त्यांच्या रिपोर्टवर आकड्याखाली असा मजकूर छापायचं ठरवलंय, काही दुरुस्ती असेल तर सांगा:

'हिपॅटायटिस ए आयजीएम अल्प प्रमाणात रिअ‍ॅक्टिव्ह. एसजीपीटी व बिलिरुबिन सामान्य, ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर वाढलेला. त्यामुळे खोटी प्रतिक्रिया संभवते. या निष्कर्षावरून तीव्र हिपॅटायटिस ए चे निदान करू नये. लक्षणे आढळल्यास नवीन नमुना पाठवावा.'

सूक्ष्मजीव_विभाग

मजकूर चांगला आहे. 'दोनदा तपासले' एवढं वर घाला. आणि मुलाच्या रिपोर्टवर दोन्ही तारखा शेजारी शेजारी छापा, तिसऱ्या दिवसाचा १.०६ आणि आठव्याचा ७.२. इंडेक्स म्हणजे मोजलेलं प्रमाण नव्हे, तरी एकाच किटवरची ही चढण पाहून त्याच्या डॉक्टरांना संसर्ग ताजा असल्याची खात्री पटेल.